‘चालू आहे’ या शेऱ्याचं काय करायचं?

प्रश्न विचारणारी व्यक्ती एका सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रशासनात नव्यानं रुजू झाली आहे. म्हणणं थोडक्यात असं: "आमच्याकडची निम्म्याहून जास्त यंत्रं दहा-बारा वर्षांपूर्वीची आहेत. बदलीचे प्रस्ताव दरवर्षी पाठवतो आणि ‘यंत्र चालू स्थितीत असल्याने तूर्त विचार करता येणार नाही’ असा शेरा बसून ते दरवर्षी परत येतात. आमचे एक वरिष्ठ म्हणतात, पूर्ण बंद पडू द्या, मग पैसे आपोआप सुटतात. खरंच तेवढाच मार्ग उरतो का?"

मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे. नोकरीचा बराचसा काळ सार्वजनिक रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करण्यात गेला आणि त्याहून थोडा जास्त त्यांच्या फायली हलवण्यात. त्या अनुभवावरून सांगते. रुग्णालय किती मोठं, हाताशी तंत्रज्ञ आहेत की नाहीत, खरेदी तुमच्या हातात की वरच्या कार्यालयाच्या, यावर यातलं बरंच काही बदलेल. जिथे बदलेल तिथे तसं म्हणेन.

सुरुवातीला एक न आवडणारी गोष्ट. तो शेरा मारणारा अधिकारी बहुतेक वेळा दुष्ट नसतो. त्याच्यासमोर प्रस्तावांची चवड असते आणि प्रत्येकात तेच वाक्य: ‘सदर यंत्र जुने व कालबाह्य झाले असून वारंवार नादुरुस्त होत असल्याने नवीन यंत्र मिळणेस विनंती आहे.’ यातून त्याला काहीच कळत नाही. जुनं म्हणजे किती, वारंवार म्हणजे कितीदा, आणि नवीन नाही दिलं तर कुणाचं काय अडणार? पैसे अपुरे आहेत, कुणाला तरी नाही म्हणायचंच आहे. मग ज्याचं यंत्र अजून चालतंय त्याला नाही म्हणणं सगळ्यांत सोपं. शिवाय नुसतं वय हा पुरावा नाहीच. दाब, तापमान आणि जंतुनाशाची चाचणी दर वेळी बरोबर येत असेल तर वीस वर्षांचं ऑटोक्लेव्ह (वाफेनं उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र) मी बिनधास्त चालू ठेवीन, आणि चार वर्षांचा मॉनिटर चुकीचा रक्तदाब दाखवत असेल तर तो आजच्या आज वॉर्डातून बाहेर काढीन.

माझ्या मते तुमची खरी अडचण ‘चालू’ या शब्दातच आहे. डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे रुग्णालयाच्या सामानाच्या नोंदवहीत, यंत्राच्या दोनच अवस्था असतात, चालू आणि बंद. प्रत्यक्षात बरीचशी जुनी यंत्रं या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतात. बटण दाबलं की दिवे लागतात, पडदा उजळतो, पण ज्या कामासाठी ते यंत्र घेतलं ते काम पुरतं होत नाही. ही मधली अवस्था कागदावर येत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसेही येत नाहीत.

नवजात बाळांच्या काविळीसाठीचा निळा दिवा घ्या. जवळपास प्रत्येक प्रसूती विभागात तो असतो आणि त्याची किंमत इतर यंत्रांच्या मानानं किरकोळ. बाळाच्या त्वचेतल्या बिलिरुबिनचं, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याचं, रूप बदलायला साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश लागतो. जोरदार (इंटेन्सिव्ह) प्रकाशोपचारात तो दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरमागे किमान ३० मायक्रोवॅट असावा, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स सांगते. नळीच्या दिव्यांमध्ये हा उपयोगी प्रकाश वापरागणिक घटत जातो, नळी मात्र त्यानंतरही कितीतरी महिने तशीच निळीशार दिसते. डोळ्यांना फरक कळत नाही. मीटर धरला की कळतो: आकडा निम्म्यावर आलेला असतो, कधी त्याहूनही खाली. दरम्यान वॉर्डात काय होतं? बाळ एका दिवसाऐवजी दोन-तीन दिवस दिव्याखाली राहतं, आईचा मुक्काम वाढतो, खाट अडते. डॉक्टरांना वाटतं कावीळ चिवट आहे. फारच वाईट पाळी आली तर रक्त बदलायची वेळ येते. आणि हे सगळं घडत असताना रजिस्टरात त्या दिव्यापुढे ‘चालू’ लिहिलेलं असतं. इथे यंत्र बदलायचीसुद्धा गरज नाही, नळ्या आणि एक मीटर हवा. पण ‘सुटे भाग’ या लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यात) पैसे नाहीत म्हणून नळ्या येत नाहीत, आणि मीटर कुणी मागितलेलाच नसतो.

आता याहून महाग उदाहरण. अस्थिरोग विभागाच्या शस्त्रक्रियागृहातलं जुनं सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरणांनी हाडं पडद्यावर दाखवणारं यंत्र. त्यात क्ष-किरणांचं उजळ चित्र करणारा भाग असतो, इमेज इंटेन्सिफायर. इंटेन्सिफायर वर्षागणिक मंदावतो, म्हणजे तेवढ्याच क्ष-किरणांतून कमी उजळ चित्र देतो. पण पडद्यावर चित्र काही काळं पडत नाही. चित्राचा उजेड एका पातळीवर ठेवणारी स्वयंचलित व्यवस्था यंत्रात असते. चित्र मंद झालं की ती गुपचूप क्ष-किरण वाढवते. सर्जनला नेहमीचंच चित्र दिसतं आणि टेबलावरचा रुग्ण, शेजारी उभी असलेली सिस्टर, स्वतः सर्जन, सगळे आधीपेक्षा जास्त किरणोत्सर्ग घेत राहतात. वर्षातून एकदा रुग्णाच्या जागी ठरावीक जाडीचा ठोकळा ठेवून किरणांची मात्रा मोजली आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहिली, तर ही घसरण कागदावर उतरते. मोजलीच नाही तर ते यंत्र ‘चालू’.

सोनोग्राफीच्या प्रोबचीही, म्हणजे अंगावर फिरवायच्या भागाचीही, हीच गत. स्वीडनमधल्या ३२ रुग्णालयांत रोजच्या वापरातले ६७६ प्रोब तपासले गेले, त्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. जवळपास ४० टक्के प्रोबमध्ये दोष निघाला. स्वीडन काही गरीब देश नाही. लोक निष्काळजी होते असंही नाही. प्रोबमध्ये ध्वनिलहरी सोडणारे अनेक बारीक स्फटिक असतात; एखाद-दुसरा मेला तरी चित्र येतच राहतं, फक्त एका पट्ट्यातली माहिती पातळ होते. तुमच्याकडे हे तपासायला उपकरण नसलं तरी चालेल. प्रोबवर जेल न लावता तो हवेत धरा, गेन (चित्राचा उजेड वाढवणारं बटण) वाढवा आणि पडद्याच्या वरच्या काठाला दिसणाऱ्या समांतर रेघा बघा. त्या अखंड असायला हव्यात. मधेच उभा काळा पट्टा दिसला तर तिथले स्फटिक गेले, किंवा केबल तुटत चालली आहे. केबल मुळाशी हळूच हलवून बघा, पट्टा येतो-जातो का. पाच मिनिटांचं काम आहे. पडद्याचा फोटो काढून तारखेसह ठेवा. प्रस्तावाला जोडलेला असा एक फोटो ‘कालबाह्य’ या शब्दापेक्षा कितीतरी जास्त बोलतो.

आणि ज्या यंत्रात ही घसरण गणितानंच ठरलेली आहे ते म्हणजे कर्करोगावरच्या उपचाराचं कोबाल्ट यंत्र. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे किरणांचा जोर दर महिन्याला सुमारे १ टक्का कमी होतो आणि सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो. नव्या स्रोतावर, म्हणजे यंत्रात कोबाल्ट नवा असताना, ज्या रुग्णाला दोन मिनिटं लागायची त्याला आता चार लागतात. यंत्रात काहीही बिघाड नाही, मात्राही बरोबर दिली जाते, फक्त दिवसभरात कमी रुग्ण होतात आणि बाहेरची प्रतीक्षायादी लांबते. स्रोत कोणत्या वर्षी बदलावा लागणार हे यंत्र बसवलं त्याच दिवशी माहीत असतं. तरीही तो खर्च ऐनवेळी ‘अचानक’ उभा राहतो. निधी कमी असणं वेगळं आणि ठाऊक असलेल्या खर्चाची तरतूद न करणं वेगळं. सार्वजनिक रुग्णालयांत या दोन्ही गोष्टी ‘निधी नाही’ या एकाच नावाखाली जातात.

म्हणून मी ‘जुनं’ हा शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वापरते. पहिलं, झिजलेलं: वर सांगितलं ते. दुसरं, पोरकं झालेलं: यंत्र ठणठणीत आहे, पण कंपनीनं त्याचे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर देणं थांबवलं आहे. तिसरं, वैद्यकशास्त्र पुढे गेल्यामुळे मागे पडलेलं. तिसऱ्या प्रकाराबाबत स्वतःशी कठोर राहा. ‘शेजारच्या रुग्णालयात आलं, आम्हालाही हवं’ ही इच्छा आहे. ती पहिल्या दोन प्रकारांच्या यादीत घुसवली की अख्खी यादी संशयास्पद ठरते.

पोरक्या यंत्रांत हल्ली सगळ्यांत मोठा धोका संगणकाचा आहे. सीटी किंवा प्रयोगशाळेतलं विश्लेषक यंत्र पंधरा वर्षं टिकेल अशा बेतानं बांधलेलं असतं, त्याला जोडलेली संगणकप्रणाली तेवढी टिकत नाही. विंडोज एक्सपीला मिळणारी मदत एप्रिल २०१४ मध्ये थांबली, विंडोज ७ ची जानेवारी २०२० मध्ये. त्यावर चालणारी यंत्रं त्या तारखेला बंद पडली नाहीत, पडतही नाहीत, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तेव्हा इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-संस्थांचं काम विस्कळीत झालं. ज्यांना लागण झाली त्यांच्याकडे अद्ययावत न केलेल्या किंवा मदत संपलेल्या प्रणाली होत्या. अशा यंत्रांसाठी कंपनीकडून ‘अमुक तारखेनंतर सुटे भाग व सॉफ्टवेअर मिळणार नाही’ असं पत्र लेखी मागून घ्या. तोंडी तर सगळेच सांगतात. सही-शिक्क्याचं पत्र फायलीत लागलं की ‘चालू आहे’ या शेऱ्याला मुदत पडते.

आता तुमच्या बाजूची साफसफाई. पैसे मागण्याआधी हे झालेलं असेल तर तुमच्या शब्दाला वजन येतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या पेरी आणि माल्किन यांनी २०११ मध्ये साधनं तुटपुंजी असलेल्या देशांतल्या एक लाखाहून अधिक उपकरणांची आकडेवारी तपासली, त्यातली ३८ टक्क्यांहून थोडी जास्त बंद होती. त्याच गटाचा २०१० चा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो: दुरुस्तीच्या २,८४९ मागण्या पाहिल्यावर दिसलं की ६६ टक्के यंत्रं साध्या कौशल्यांनी, परदेशी सुटे भाग न मागवता पुन्हा चालू करता येण्याजोगी होती. फ्यूज, प्लग, तुटलेली वायर, चिकटलेला व्हॉल्व्ह, मेलेली बॅटरी, आणि कितीतरी वेळा यंत्र कसं वापरायचं हे माहीत नसणं. माझा अनुभव याहून वेगळा नाही. पंख्याच्या जाळीत धूळ बसून आतलं तापमान वाढलं तर पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या सुट्या भागाचं आयुष्य दर १० अंशांमागे ढोबळमानानं निम्मं होतं. जाळी धुण्याचा खर्च शून्य; न धुतल्यानं जाणारा पॉवर सप्लाय मात्र महिनाभर यंत्र अडकवून ठेवतो.

कुठून सुरू करायचं असं विचाराल तर वॉर्डात एक फेरी मारा आणि यंत्रांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचा. ‘बटण जोरात दाबावे.’ ‘डावीकडची वायर हलवू नये.’ ‘अलार्मकडे लक्ष देऊ नये, आपोआप वाजतो.’ यातली प्रत्येक चिठ्ठी म्हणजे कधीच न नोंदवलेली तक्रार आहे. सिस्टरना विचारा, कोणता सक्शन (स्राव ओढून घेणारा पंप) नुसता आवाज करतो आणि कोणता खरंच ओढतो, हे त्यांना कोणत्याही रजिस्टरापेक्षा जास्त अचूक माहीत असतं. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) नुसता चालू करून ‘ओके’ म्हणू नका. बॅटरी भरलेली दिसते आणि शॉकचा भार पडल्यावर कोसळते. ५० ओहमच्या चाचणी-भारावर, बॅटरीवरच चालवून, शॉक देऊन बघायला लावा.

एक उलटी बाजूही आहे, ती आमच्या व्यवसायातल्या लोकांना फारशी आवडत नाही. चांगला तंत्रज्ञ असेल तर तो दोन मेलेल्या व्हेंटिलेटरचे भाग काढून तिसरा चालवतो, कंपनीनं बंद केलेला बोर्ड कुठून तरी मिळवतो, रात्री थांबून काम उरकतो. त्याचं कौतुक करा, पण ते सगळं लिहून घ्या. नाहीतर त्याचं कौशल्य गळक्या छपराखाली ठेवलेल्या बादलीसारखं होतं: खोली कोरडी दिसते आणि छपरासाठी कुणी पैसे देत नाही. प्रत्येक उसन्या भागाची नोंद हवी: कोणत्या यंत्रातून काढला, कशात बसवला, मूळ भाग का मिळाला नाही. मूळ निर्मात्याचा नसलेला भाग बसवला असेल तर त्यानंतरच्या सुरक्षा-चाचणीचा आकडाही. वर्षअखेरीस ही यादी प्रस्तावाला जोडली की वाचणाऱ्याला कळतं, हे यंत्र ‘चालू’ आहे ते नेमकं कशाच्या जोरावर.

पैसे का येत नाहीत, हेही थोडं समजून घ्यायला हवं. बहुतेक सरकारी व्यवस्थांत खरेदी भांडवली लेखाशीर्षातून होते आणि देखभाल महसुली, म्हणजे रोजच्या खर्चाच्या, लेखाशीर्षातून. दोन्हींचे अधिकारी वेगळे, वर्षअखेरीची घाई वेगळी. नवीन यंत्राचं उद्घाटन होतं. देखभाल कराराचं कुणी करत नाही. मोठ्या यंत्रांची देखभाल सामान्यतः खरेदी किमतीच्या ५ ते १० टक्के दरवर्षी खाते, म्हणजे दहा-बारा वर्षांत ती मूळ किमतीच्या आसपास जाऊ शकते, पण खरेदीच्या टिपणीत तो आकडा क्वचितच असतो. त्यात अनेक ठिकाणी हिशेब रोखीच्या पद्धतीनं ठेवले जातात. खासगी कंपनीच्या ताळेबंदात दरवर्षी घसारा दिसतो, यंत्र झिजतंय हे मालकाला आकड्यात टोचत राहतं. रोखीच्या हिशेबात पैसे गेले ते खरेदीच्या वर्षी. पुढची सगळी वर्षं ते यंत्र फुकट वाटतं.

मग साठलेली कमतरता फार वाढली की एकदम मोठा निधी जाहीर होतो. कॅनडात २००० साली वैद्यकीय उपकरणांसाठी १ अब्ज डॉलरचा संघीय निधी आला, २००३ मध्ये पुन्हा दीड अब्जांचा. असा निधी कुणाला नको असतो? पण त्याची एक गोम आहे. एकाच वर्षी आलेली यंत्रं एकाच सुमारास म्हातारी होतात, त्यांचे हमीकाल एकत्र संपतात, त्यांचे सुटे भाग एकत्र बंद होतात. दहा वर्षांनी पुन्हा तीच आणीबाणी. म्हणून तुम्हाला कधी एकरकमी निधी मिळाला तर सगळा एका वर्षात खर्ची टाकण्याऐवजी खरेदी दोन-तीन वर्षांत विभागता येते का ते नियमांत बघा. बऱ्याच ठिकाणी येत नाही, पैसे परत जातात. तिथे निदान निरनिराळ्या विभागांची यंत्रं निवडून म्हातारपणं पुढेमागे पडतील असं बघा.

प्रस्तावाकडे येते. मी एका यंत्राला एकच पान देते. त्यावर वय एका ओळीत संपतं. पुढे: गेल्या बारा महिन्यांत किती दिवस बंद, हे वॉर्डानं कळवल्या तारखेपासून मोजायचं, तंत्रज्ञ आला त्या तारखेपासून नव्हे. त्या दिवसांत किती रुग्ण परत गेले, दुसरीकडे पाठवले किंवा पुढे ढकलले. दुरुस्तीवर झालेला एकूण खर्च, दोन्ही लेखाशीर्षांतला, एकाच ओळीत. मोजमापाचा आकडा, मागच्या वर्षीच्या शेजारी. कंपनीचं पत्र. आणि शेवटी यंत्र बंद पडलं तर त्याच दिवशी दुसरी काय सोय आहे. म्हणजे वरचं ते ‘जुने व कालबाह्य’ वाक्य साधारण असं होतं (आकडे उदाहरणादाखल): ‘सी-आर्म गेल्या वर्षी ४१ दिवस बंद होते, त्यामुळे २६ शस्त्रक्रिया पुढे गेल्या, त्यांपैकी ९ रुग्ण अन्यत्र पाठवावे लागले. त्याच चित्रासाठी लागणारी किरणमात्रा दोन वर्षांत दीडपट झाली आहे. निर्मात्याने सुटे भाग पुरवणे बंद केल्याचे पत्र सोबत आहे. रुग्णालयात पर्यायी यंत्र नाही.’ असा कागद फेटाळायचा तर अधिकाऱ्यालाही कारण लिहावं लागतं, आणि ते कारण त्याच्या सहीनं फायलीत राहतं.

दुरुस्तीचाच खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल तर बदला, असा एक ढोबळ ठोकताळा आमच्यात आहे. मी तो वापरते, पण आंधळेपणानं नाही. वयाच्या नियमांचंही तसंच. युरोपातल्या उपकरण-उत्पादकांच्या ‘कोसीर’ या संघटनेचा नियम प्रसिद्ध आहे: किमान ६० टक्के यंत्रं पाच वर्षांच्या आतली हवीत, ६ ते १० वर्षांची ३० टक्क्यांहून जास्त नकोत, दहाच्या वरची १० टक्क्यांहून जास्त नकोत. आकडा उपयोगी आहे, फक्त तो यंत्रं विकणाऱ्यांचा आहे हे प्रस्ताव वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं. मला कॅनडातल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेची २०१३ ची मांडणी जास्त पटते, कारण ती वापर विचारात घेते: सीटीवर कामाचा ताण जास्त असेल तर ८ वर्षं, मध्यम असेल तर १०, कमी असेल तर १२. तुमच्याकडे एकच सीटी असून रात्रंदिवस चालत असेल तर तुम्ही पहिल्या गटात. आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्या यंत्राला तोच नियम लावून ओरड केलीत तर उद्या खऱ्या गरजेला कुणी कान देणार नाही.

यादीत आधी काय आणि नंतर काय? फेनिगको आणि स्मिथ यांनी १९८९ मध्ये यंत्रांच्या देखभालीसाठी एक गुणपद्धत मांडली: यंत्राचं काम काय, बिघडलं तर रुग्णाला धोका किती, देखभाल किती लागते, याला गुण देऊन बेरीज. पद्धत जुनी आहे पण तिच्यातला मुद्दा अजून पक्का आहे. मी तिच्यात ‘पर्याय आहे का’ आणि ‘भाग मिळतो का’ हे दोन प्रश्न घालते. अशी बेरीज केली की गंमत दिसते. सगळ्यांत जोरात ज्याची मागणी होते ते यंत्र बऱ्याचदा यादीच्या मधे जातं आणि ज्याच्याविषयी कुणीच बोलत नाही असा एखादा भूल-यंत्राचा व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारा भाग) किंवा शस्त्रक्रियागृहाचा यूपीएस वर येतो. यादी करताना डॉक्टर, सिस्टर आणि तंत्रज्ञ तिघांना एका खोलीत बसवा. एकट्यानं केलेली यादी पुढच्या बैठकीत टिकत नाही.

पैसे तरीही आले नाहीत तर? तेव्हा यंत्राचं काम कमी करायचं, आणि ते लेखी. मात्रा वाढलेलं सी-आर्म हातापायांच्या छोट्या शस्त्रक्रियांपुरतं ठेवा, लांबलचक चालणाऱ्या केसेस त्यावर घेऊ नका. दोष असलेला प्रोब गर्भाच्या तपासणीतून काढून दुसऱ्या साध्या कामाला लावा. पोरका संगणक रुग्णालयाच्या जाळ्यापासून तोडा, अहवाल वेगळ्या मार्गानं काढा. अशा निर्बंधाचा कागद विभागप्रमुख आणि अधीक्षक यांच्या सहीनं निघू द्या. तंत्रज्ञानं एकट्यानं ‘चालेल’ म्हणून जबाबदारी घ्यायची नाही. सेवा कमी झाल्याचं वर कळतं ते अशा कागदांमुळे. तोंडी तडजोड केली तर वरच्यांच्या लेखी सेवा पूर्वीइतकीच सुरू असते.

आता तुमच्या वरिष्ठांचा सल्ला. ते खोटं बोलत नाहीत, बंद पडलं की पैसे सुटतात हे मीही पाहिलं आहे. पण ते पैसे कसे खर्च होतात तेही पाहिलं आहे. घाईत स्पेसिफिकेशन कुणीतरी एका कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवून काढतो. खोलीचा वीजभार, वातानुकूलन, क्ष-किरणांसाठीची भिंत यांचा विचार यंत्र दारात आल्यावर होतो आणि मग ते खोक्यातच राहतं, हमीकाल मात्र धावू लागतो. प्रशिक्षण आणि देखभाल करार ‘नंतर बघू’ मध्ये जातात. शिवाय बंद पडण्याची वेळ तुम्ही निवडत नाही. सीटी सोमवारी सकाळी रिकाम्या खोलीतही बंद पडेल किंवा डोक्याला मार लागलेला रुग्ण टेबलावर असतानाही.

किरणोत्सर्गी स्रोत असलेल्या यंत्राबाबत तर ‘पडून राहू द्या’ हा विचारच धोकादायक. ब्राझीलच्या गोयानिया शहरात १९८७ मध्ये बंद झालेल्या एका खासगी उपचारकेंद्रात सोडून दिलेल्या यंत्रातला सीझियम-१३७ चा स्रोत भंगारवाल्यांच्या हाती पडला. २४९ लोक किरणोत्सर्गानं दूषित झाले, चौघांचा जीव गेला. जुनं यंत्र कोण, कधी, कसं नेणार हे नव्याच्या खरेदीतच लिहिलेलं असायला हवं, निर्लेखनाच्या (जुनं सामान नोंदवहीतून कमी करण्याच्या) फायलीसाठी दहा वर्षं थांबायचं नाही.

तेव्हा यंत्र बंद पडायची वाट बघू नका, पण ते पडणार हे धरून तयारी ठेवा. यादीतल्या वरच्या पाच-सहा यंत्रांची स्पेसिफिकेशन आत्ताच तयार करा, निदान तीन उत्पादक बसतील अशी. त्यांच्यात देखभालीचा पुढच्या आठ-दहा वर्षांचा दर खरेदीच्या वेळीच मागा आणि तुलना एकूण खर्चावर करा, नुसत्या किमतीवर नको. सुटे भाग किती वर्षं देणार, सॉफ्टवेअर किती वर्षं, सर्व्हिस मॅन्युअल आणि त्याचे पासवर्ड तुमच्या तंत्रज्ञाला मिळणार की नाही, हे अटींमध्ये घाला. हा शेवटचा मुद्दा कंपन्या हमखास गाळायला लावतात, तो गाळू देऊ नका. खोलीचं मोजमाप, वीजभार आणि दाराची रुंदीसुद्धा त्याच फायलीत जोडा. दर सहा महिन्यांनी ती फाइल उघडून दर आणि मॉडेल तपासा. आर्थिक वर्षाच्या शेवटी इतर विभागांचे न खर्चलेले पैसे कुणाच्या तरी टेबलावर पडलेले असतात आणि ते दोन आठवड्यांत वापरायचे असतात. त्या दिवशी फाइल तयार असलेला विभाग ते घेऊन जातो.